जो ‘हाय’ म्हणेल तो उभा

१५ नोव्हेंबर १९२६

आज शाळेत धनगरांची मुले आली आणि माझ्या डोक्याला नवा ताप झाला. तसा तो मीच ओढवून घेतला आहे.

भात कापून झाले की धनगर आपली मेंढरे घेऊन कोळवणच्या खोऱ्यात उतरतात. रात्री मेंढरे खाचरात बसवायची, शेतकऱ्याला लेंडीखत मिळायचे आणि धनगराला भात, असा इथला जुना व्यवहार. यंदा धुळाजी धनगराचा तळ आमच्या गावच्या हैबतरावांच्या खाचरात पडला आहे. मागे एकदा मी फिरत तिकडे गेलो होतो. मुले नुसती उंडारत होती. मी धुळाजीला सहज म्हटले, “शिमग्यापर्यंत इथेच आहात ना? मग मुले शाळेत पाठवा की.” तो नुसता हसला. मला वाटले, विषय संपला.

आज प्रार्थना चालू असताना ती दारात उभी! मागे धुळाजीची आई भागूबाई, हातात काठी. “घ्या मास्तर. मागितली हुती नव्हं?” एवढे बोलून म्हातारी निघूनही गेली.

शाळा मारुतीच्या देवळाच्या पडवीत. मुले आपली घोंगडी अंथरून दाराशी बसली. मी एकेकाला नाव विचारले. कोणी तोंड उघडेना. गावातला एक पोरगा ओरडला, “मास्तर, त्यास्नी मराठी कळत न्हाई!”

मी म्हटले, “‘कळत न्हाई’ नव्हे, ‘कळत नाही’.” त्यावर सगळी शाळा हसली. यात हसण्यासारखे काय होते ते मला अजून समजले नाही.

धनगरांच्या मुलांना मी शाळेचा नियम सांगितला. जो ‘आहे’च्या जागी ‘हाय’ म्हणेल तो घंटा होईपर्यंत भिंतीशी उभा राहील. जूनमध्ये मी इथे आलो तेव्हा अर्धी शाळा उभी असे. आता फक्त विसराळू उभे असतात. भाषा अशीच सुधारते. ट्रेनिंग कॉलेजात माझ्या उच्चारांचे कौतुक होत असे, ते काही उगीच नव्हे.

२३ नोव्हेंबर

मुले रोज येतात. बसतात, ऐकतात, जातात. बोलत नाहीत. प्रश्न विचारला की खाली बघतात. इतक्या दिवसांत त्यांच्यातला एकच शब्द मी ऐकला. जोतिबा नावाच्या लहानग्याने “पानी” म्हटले. मी “पाणी” असे सुधारले, तर तो तहानलेलाच घरी गेला. मला वाईट वाटले, पण नियम म्हणजे नियम.

आज मात्र नवल घडले. संध्याकाळी ओढ्याकडे गेलो होतो. करंजाच्या झाडामागून आवाज आला, “मुलांनो, शांत बसा. उच्चार स्पष्ट पाहिजे. स्पष्ट!” आधी घसा खाकरल्याचा आवाज, मग हे शब्द. मला वाटले, पुण्याहून कोणी गृहस्थ आले असावेत. पुढे होऊन पाहतो तो धुळाजीची मुलगी बानू, नऊ-दहा वर्षांची, समोर करडे उभी करून त्यांची शाळा घेत होती! तोच चढउतार, तेच थांबणे. माझाच आवाज. मला पाहताच ती दगडासारखी गप्प झाली.

क्षणभर राग आला. मग एकदम आनंद झाला. या पोरीच्या जिभेवर ‘ण’ आहे, ‘नाही’ आहे, सगळे आहे! म्हणजे ही मुले मठ्ठ नाहीत. फक्त कोणीतरी शिकवायला हवे.

(मी इतका खाकरतो का? लक्ष ठेवले पाहिजे.)

२ डिसेंबर

बानूला शाळा सुटल्यावर रोज धडा देतो. मी एक वाक्य वाचायचे, तिने तसेच म्हणायचे. अक्षरेही तिने झपाट्याने उचलली, आता बोट ठेवून ओळ वाचते. वाचण्याआधी न चुकता खाकरते. ते सोड म्हटले तर तिला कळतच नाही, तिला तो धड्याचाच भाग वाटतो.

गळ्यात तिच्या काळ्या मण्यांची पोत आहे. या लोकांत दृष्ट लागण्याची भीती फार. तिला म्हटले, “शाळेत येताना हे काढून ये, इथे कोणाची दृष्ट लागत नाही.” तिने पोत मुठीत गच्च धरली आणि माझ्याकडे असे पाहिले की मी विषय बदलला.

दुसरे एक कोडे. जागा नव्हती म्हणून आज मी बानूला आणि जोतिबाला एका बसकरावर बसवले. धनगरांची बाकीची मुले तोंडात सदरे कोंबून हसू लागली. जोतिबा उठून पळाला तो देवळाबाहेर. कारण विचारले तर कोणी सांगेना. पोरकटपणा, दुसरे काय.

९ डिसेंबर

हैबतराव आले होते. शाळा कमिटीचे ते प्रमुख, त्यामुळे मला उभे राहावे लागते.

“मास्तर, धनगराची पोरं काडून टाका. आमच्या पोरांची भाषा बिघडतीया.”

मी जीभ आवरली. हैबतरावांच्या पोराला मी जूनपासून भिंतीशी उभा करतो आहे.

“त्यास्नी काय कळत न्हाई आन ती काय बोलत न्हाईत. उगा जागा अडवून बसल्यात. मी दिपोटीसायबाच्या कानावर घातलंय. सायेब म्हनलं, जानेवारीत येतो, सोता इचारतो. उत्तरं आली न्हाईत तर नावं खोडतो.”

मी म्हणालो, “आणि उत्तरे आली तर?”

“येत्यात कशाची!” असे म्हणून ते पायऱ्या उतरले. मग मागे वळून म्हणाले, “धुळाजीशी तुमचं बरं हाय. त्याला म्हनावं, मेंढरं वरच्या खाचरात बी बसव आजून थोडी.”

म्हणजे मेंढरे शेतात हवीत आणि पोरे शाळेत नकोत. मी हे त्यांच्या तोंडावर बोललो नाही. इथे लिहितो आहे, एवढेच माझे शौर्य.

१४ डिसेंबर

आज माझा धडधडीत अपमान झाला.

शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटीसाहेबांचे सांगायला मी धनगरांच्या तळावर गेलो होतो. धुळाजी मेंढरांमागे होता. भागूबाई लोकर पिंजत बसली होती. बानू मला पाहून धावत आली आणि कालचा धडा म्हणून दाखवू लागली. मी खुशीत ऐकत होतो. इतक्यात पलीकडच्या तळावरचा म्हसू धनगर आला. जोतिबाचा बाप. उंच, मिशाळ, कपाळाला भंडारा. त्याला पाहताच बानूचे वाक्य अर्ध्यावर तुटले आणि ती राहुटीत शिरली. म्हसूने काय करावे? माझ्याकडे पाठ करून बसला आणि भर उन्हात घोंगडी डोक्यावरून पार गुडघ्यापर्यंत ओढून घेतली! जणू माझे तोंड बघणेही नको. मी नमस्कार केला, तर आतून नुसता हुंकार आला.

मी भागूबाईला विचारले, “यांचा माझ्यावर राग आहे का?”

ती हसली. “राग कशाचा? रीत हाय ती, मास्तर. बानू आता म्हसूची हाय.”

असे आहे तर. म्हसू तिचा चुलता असावा, आणि धुळाजीने मुलगी त्याच्या हवाली केलेली दिसते. आता हा तिच्या शिक्षणाच्या आड येणार.

भागूबाई पुढे म्हणाली, “म्हसू म्हनतोय, पोरीला साळा जमत असंल तर शिकू द्या. साळंनं नाव खोडलं तर मंग शिमग्याला तो तिला संगं न्हेतो. कोकरं लई झाल्यात त्याच्याकडं, राखाय मानूस न्हाई.”

घोंगडीतून पुन्हा हुंकार आला. राहुटीच्या फटीतून बानूचे डोळे दिसत होते. ते माझ्याकडे नव्हते, त्या घोंगडीकडे होते. किती भेदरली होती बिचारी.

२० डिसेंबर

आज धनगरांची मुले आली आणि थेट भिंतीशी जाऊन उभी राहिली. मी म्हटले, “बसा.” कोणी हलेना. शेवटी जोतिबा म्हणाला, “मागनं उबंच ऱ्हायाचं हाय की.”

त्या उत्तरातच ‘हाय’ होते. मी काय करणार? उभा ठेवला. इतके दिवस गप्प असलेल्या मुलाने पहिल्यांदा एक सबंध वाक्य उच्चारले आणि मी त्याला उभा ठेवला. घरी येऊन जेवलो नाही. भूक नव्हती.

२७ डिसेंबर

बाकीच्या मुलांकडून डेप्युटीसाहेबांपुढे काही होणार नाही हे आता उघड आहे. पाटीवर सगळे लिहितात, गणिते सोडवतात. पण तोंडी विचारले की संपले. माझ्या भीतीने गप्प बसतात की ‘हाय’च्या भीतीने, कोण जाणे. आता सगळी भिस्त बानूवर आहे.

‘लांडगा आणि मेंढपाळ’ हा धडा निवडला. तिने बिनचूक वाचला. “एका अरण्याच्या सीमेवर एक मेंढपाळ राहत असे. एके दिवशी त्याच्या कळपात एक क्षुधित लांडगा शिरला.” हे ‘क्षुधित’ ट्रेनिंग कॉलेजातही निम्म्या लोकांना म्हणता येत नव्हते!

खरे लिहायचे तर माझाही स्वार्थ आहे. साहेब खूश झाले तर मला पुण्याच्या शाळेत बदली मिळू शकेल. इथला पाऊस, इथल्या जळवा, इथले हैबतराव, सगळ्यांतून सुटका. पण हल्ली झोपण्यापूर्वी बदलीचा विचार येत नाही, बानूचे नाव खोडलेले दिसते. शिमग्यानंतर ती कोकरे राखत कुठल्या तरी माळावर फिरत असेल आणि करडांना ‘क्षुधित’ शिकवत असेल. या विचाराने जीव कासावीस होतो.

६ जानेवारी १९२७

निरोप आला. साहेब पंधरा तारखेला येणार.

मी एक बेत केला आहे. त्या दिवशी धनगरांचा सगळा तळ शाळेत बोलवायचा. घरची माणसे समोर असली म्हणजे मुलांना धीर येईल, आणि एवढा समुदाय पाहून हैबतरावही वरमतील. तळावर जाऊन आमंत्रण देऊन आलो. धुळाजी पागोटे सारखे करून म्हणाला, “येतो की. दिपोटी बगाय मिळंल.”

भागूबाई मात्र चुळबुळत होती. “समदी नगं मास्तर. म्हसूला सांगू नगा.”

मी म्हटले, “का नको? त्याला तर मुद्दाम बोलावणार. मुलीची हुशारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की त्याचा सगळा राग जाईल.”

“आवो, तो असला म्हंजी ती—”

“भीती मोडली पाहिजे, आजी. अशीच मोडते ती.”

 म्हातारीने लोकर उचलली आणि म्हणाली, “तुमी शिकल्यालं हायसा. तुमास्नी म्या काय सांगनार?”

तिथूनच पलीकडच्या तळावर जाऊन म्हसूलाही बोलावले. तो चकितच झाला. “म्या? म्या येऊ साळंत? ती वाचनार तवा?” दोनदा विचारले. मी म्हटले, “तुम्ही तर अगदी पुढे बसायचे.” तो कसनुसा हसला आणि मान डोलावली. बघा, माणूस मानाचा भुकेला असतो. आता सगळे ठीक होईल.

१४ जानेवारी

पडवी सारवून घेतली. फळ्याला कोळसा घासला. मुलांना नखे कापून यायला सांगितले. संक्रांतीचे तिळगूळ कोणीतरी ठेवून गेले आहे, खाण्याकडे लक्ष नाही.  हैबतराव दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा नुसते हसले.

बानूने धडा पुन्हा म्हणून दाखवला. निर्दोष. जाताना तिने विचारले, “मास्तर, उद्या कोण कोण येणार आहे?” ‘आहे’ म्हणाली! मी सगळ्यांची नावे सांगितली. म्हसूचे नाव ऐकून तिचा चेहरा उतरला. मी म्हटले, “घाबरू नकोस, मी आहे.” ती पोत मुठीत धरून निघून गेली.

१५ जानेवारी

 झाले ते जसेच्या तसे लिहितो.

साहेब सकाळी छकड्यातून आले. ठेंगणे, चष्मा, आवाज मऊ. सोबत हैबतराव. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. धनगरांचा सगळा तळ आला होता, बायका पायऱ्यांवर, पुरुष मुलांच्या मागे पार दारापर्यंत दाटीने. म्हसूला मी हाताला धरून मध्यभागी, पहिल्या रांगेत बसवला. त्याने नवी घोंगडी पांघरली होती.

गावच्या मुलांचे व्यवस्थित झाले. मग साहेबांनी जोतिबाला उठवले. “बाळ, तुमचे वास्तव्य वर्षभर कोठे कोठे असते?” जोतिबाने माझ्याकडे पाहिले, मग भिंतीकडे पाहिले, मग आपण होऊन भिंतीशी जाऊन उभा राहिला. साहेब चकित झाले. दुसऱ्याला विचारले, तोही भिंतीशी गेला. तिसराही.

“बगा सायेब,” हैबतराव म्हणाले, “मी म्हनलं हुतं.”

साहेबांनी पेन्सिल काढली. मी घाईने म्हणालो, “साहेब, ही एक मुलगी वाचते. बानू, ऊठ.”

बानू उठली. पुस्तक उघडले. समोर म्हसू बसला होता. तिने तोंड उघडले आणि मिटले. पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. मी म्हटले, “वाच.” काही नाही. “बानू, अगं वाच!” माझा स्वर रडवेला झाला होता.  साहेब म्हणाले, “राहू द्या मास्तर,” आणि पेन्सिल हजेरीपटावर टेकवली.

तेवढ्यात पायरीवरून भागूबाई कडाडली, “आवो मास्तर, सासरा बसवलाय की तुमी तिच्या पुढ्यात! बोलंल कशी ती?”

सासरा!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काळी पोत. एका बसकरावर बसवलेला जोतिबा, आणि मुलांचे हसणे. राहुटीत शिरलेली बानू. तिच्यासाठी उन्हात घोंगडी ओढून बसलेला म्हसू. आणि मी गाढव! मीच त्याला हाताला धरून पुढे आणून बसवला होता. मला जमिनीने पोटात घ्यावे असे वाटले.

म्हसू केव्हाच अर्धवट उठला होता. मागे वळून त्याने दाराकडे पाहिले. वाट नव्हती, सगळीकडे माणसेच माणसे. त्याने एकदा साहेबांना हात जोडले, खाली बसला आणि घोंगडी डोक्यावरून ओढून पायापर्यंत घेतली. समोर नुसता काळा ढीग राहिला.

“हे काय?” साहेब दचकले. “या गृहस्थांना बरे नाही का?”

“तो न्हाईच हितं, सायेब,” भागूबाई म्हणाली. “तुमी चालू द्या.”

बानूने मान वर केली. पदर मागे सारला. घसा खाकरला. आणि वाचू लागली. “एका अरण्याच्या सीमेवर एक मेंढपाळ राहत असे.” ‘क्षुधित’ असे सुटले की साहेबांनी चष्मा काढला. शेवटच्या ओळीपर्यंत एकही चूक नाही. माझे डोळे भरून आले. साहेब म्हणाले, “वा!” आणि पेन्सिल कानावर ठेवली. झाले, जिंकलो, असे मला वाटले.

तेव्हा घोंगडीखालून म्हसूचा आवाज आला.

“मास्तराचं झालं नव्हं वाचून? आता पोर कवा वाचनार?”

गावची मुले खो खो हसली. हैबतराव सगळ्यांत मोठ्याने. पण साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, बानूकडे पाहिले. “खरेच की. हुबेहूब तुमचा आवाज, तुमचे खाकरणेसुद्धा. मास्तर, हे वाचन आहे की पाठांतर?” पेन्सिल पुन्हा हातात आली. “मुली, पुस्तक मीट. धड्यात काय झाले ते तुझ्या शब्दांत सांग.”

बानूने पुस्तक मिटले आणि माझ्याकडे पाहिले. तिच्या शब्दांत. मी तिला इतके शब्द दिले होते, त्यांत तिचा एकही नव्हता. “येक...” ती म्हणाली आणि थांबली. “एक...” पुन्हा थांबली. डोळे भिंतीकडे गेले. तिथे तिचे सगळे सोबती उभे होते.

तिला बोलू दिले तर साहेबांना कळणार की माझ्या शाळेत अजून ‘हाय’ बोलतात. पुण्याची बदली गेली. नाही बोलू दिले तर नाव गेले. एवढे हिशेब डोक्यात झाले खरे, पण तोंडाने त्यांची वाट पाहिली नाही. मी म्हणालो, “सांग की गं बानू. लांडगा कसा हाय त्यो?”

 हैबतरावांचे तोंड उघडेच राहिले. बानूने माझ्याकडे डोळे विस्फारून पाहिले, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मी यापूर्वी पाहिले नव्हते.

“येक मेंढका हुता,” ती म्हणाली. आवाज निराळाच होता, जाडसर, मोकळा. “त्याच्या मेंढरात लांडगा शिरला. लई भुकेला हुता त्यो. पुस्तकात लिवलंय का मेंढक्यानं काठी उगारली आन लांडगा पळाला. पळाला आसंल. पन आमच्यात येक म्हातारा हाय. त्याच्या मेंढरात लांडगा आला, तवा त्यो येकाच पायात पायतान घालून धावला त्याच्या मागं. लांडगा गेला डोंगराला आन म्हातारा गेला नाल्यात. कोकरू वाचलं. पन म्हातारा आजून दुसरं पायतान हुडकतोय!”

धनगर बायकांनी पदर तोंडाला लावले. काळा ढीग हलू लागला, गदगद हलू लागला. भिंतीशी उभा जोतिबा ओरडला, “नाल्यात न्हाई, करवंदीत!” दुसरा म्हणाला, “पायतान कुत्र्यानं न्हेलं हुतं!” मग सगळीच बोलू लागली. साहेबांनी विचारले, “मग कुत्रा तेव्हा कुठे होता?” त्यांनी सांगितले. “उन्हाळ्यात कुठे जाता?” तेही सांगितले, गावांची नावे, वाटा, पाणी कुठे मिळते ते. माझ्या शाळेत दोन महिने मुकी असलेली मुले!

घोंगडीखालून म्हसू म्हणाला, “ही बोलली. ही माझी सून बोलली.” त्याचा आवाज ओला होता.

हैबतराव पुढे झाले. “सायेब, पर ही असली भाषा—”

“मला समजली,” साहेब म्हणाले. “तुम्हाला नाही समजली?”

“समजली की! न समजाया त्यात काय हाय?”

सगळ्या मुलांनी एकदम भिंतीकडे पाहिले आणि मग हैबतरावांकडे. साहेबांना काही कळले नाही. त्यांनी पेन्सिल खिशात टाकली. “नावे राहू द्या,” म्हणाले. छकड्यात चढताना मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, “मास्तर, मुले ठीक आहेत. तुमच्या उच्चारांकडे मात्र जरा लक्ष द्या.”

गर्दी पांगली. बानू आत देवळात गेल्याची खात्री झाल्यावर म्हसूने घोंगडी काढली. घामाने भिजला होता, मिशा चिकटल्या होत्या. मी म्हणालो, “मला माफ करा, मला ठाऊक नव्हते.” तो माझ्याकडे न बघता घोंगडीची घडी घालत राहिला.

“लगीन लागल्यापासनं कवा ऐकला न्हवता तिचा आवाज,” म्हणाला. मग घडी खांद्यावर टाकली. “पुन्यांदा वाचंल तवा बोलवा. घोंगडी घिऊन येतो.”

त्याला पायऱ्यांखाली पोचवून मी पडवीत परतलो. घंटेला अजून वेळ होता. मुले आपापल्या जागी बसली होती, धनगरांचीसुद्धा. मी खुर्चीकडे वळलो तेवढ्यात बानू उठली. हसत नव्हती, अगदी गंभीर होती.

“मास्तर, तुमी ‘हाय’ म्हनलासा.”

कोणी हसले नाही. सगळे वाट पाहत होते. मी भिंतीशी गेलो आणि घंटा होईपर्यंत उभा राहिलो.